पोहऱ्याचं नूतनीकरण

या अंकाच्या संपादकांनी माझ्या कारकिर्दीवर लिहायला सांगितलं तेव्हा मला हसू आलं. कारकीर्द राजेलोकांची असते. वाचनालयात नोकरी केलेल्या माणसाजवळ फार तर नोंदवह्या असतात, त्याही वाळवीने सोडल्या तर. माझ्या एकतीस वर्षांच्या नोंदवह्यांत एक नोंद मात्र अशी आहे की तिच्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली आणि त्याच वर्षी आमच्या वाचनालयाला अ वर्ग मिळाला. ती नोंद पुस्तकाची नाही, पोहऱ्याची आहे. आडात सोडतात तो, लोखंडी.

गावाचं नाव सांगत नाही. अहमदपूरहून उदगीरकडे जाताना लागतं, एवढं पुरे. यातल्या माणसांची मुलं-नातवंडं अजून तिथंच आहेत आणि मला अधूनमधून त्यांच्याकडे चहाला जावं लागतं.

आधी आमचा धंदा थोडा समजून घ्या. लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे खुर्चीत बसून फुकट वाचणारा माणूस. खरं म्हणजे ग्रंथपाल वाचत नाही, तो दाखल करतो. वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते दाखल नोंदवहीत चढतं. त्याला एक क्रमांक मिळतो. पुढच्या रकान्यांत लेखक, पानं, कोठून मिळालं वगैरे, आणि सगळ्यात शेवटी शेरा. या वहीची पानं छापील क्रमांकाची असतात. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. एकदा दाखल झालेलं पुस्तक वाचनालयाचं. ते वहीतून काढायचं म्हणजे निर्लेखन करावं लागतं: समितीचा ठराव, वर जिल्ह्याची मंजुरी. माणूस मेला तर दाखला आठवड्यात मिळतो, पुस्तक मेलं तर वर्षं लागतात. नांदेडला मी ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग केला, तिथले आमचे गुरुजी दर तासाला बजावायचे, "दारातून आत आलं की दाखल करा. विचार नंतर करा." मी फारसा हुशार विद्यार्थी नव्हतो, पण एवढं एक वाक्य पक्कं केलं होतं.

तर लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादची पाटी पुसून झाली होती, पण फायली अजून ट्रकमध्ये होत्या. नव्या सुनेनं माहेरचं काय आणलं ते सगळे बघतात, तसं नव्या जिल्ह्याला इतिहास काय आहे ते दाखवावं लागतं. वरून पत्र आलं की प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाने स्थानिक वारशाचं प्रदर्शन भरवावं. आमचं वाचनालय तेव्हा ब वर्गात होतं आणि अ वर्गासाठीची, म्हणजे जास्त अनुदानासाठीची, सरकारी तपासणी तोंडावर आली होती. आमचे अध्यक्ष आबासाहेब वकील, गावातलं मोठं घर. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "गोविंदराव, असं प्रदर्शन झालं पाहिजे की निरीक्षकानं कागद न बघता सही केली पाहिजे. आणि लोकांच्या वस्तूंची नोंद व्यवस्थित ठेवा. कुणाचं काही हरवलं तर बोंब आपल्या नावानं होईल."

नोंद व्यवस्थित ठेवा, एवढंच ते म्हणाले. कुठल्या वहीत, ते म्हणाले नाहीत.

साल दुष्काळाचं होतं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. टँकर आमच्या वाचनालयाच्या पायरीपाशीच उभा राहायचा, कारण त्याच्यापुढे रस्ता अरुंद होता. पहाटेपासून घागरींची रांग लागायची. घागर रांगेत लावली की बाया-माणसं सावलीला आत यायची आणि वर्तमानपत्राचं एकेक पान वाटून घ्यायची. त्या उन्हाळ्याइतके वाचक मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

आम्ही दवंडी दिली: घरात जुनं काही असेल तर वाचनालयात आणून द्या, चार दिवसांनी परत मिळेल. लोकांनी काय काय आणलं! एका घराण्याने तलवार आणली, उदगीरच्या किल्ल्याच्या लढाईतली म्हणून. मूठ उलटी केली तर उदगीरच्या बँडपार्टीचं नाव कोरलेलं. एकाने निजामाच्या वेळची सनद आणली. तीन पिढ्या तिची पूजा होत होती, कुंकवाने कागद लालभडक झालेला. ती वाचायला मी गफूरचाचांना बोलावलं. चाचा निजामाच्या काळात तहसिलीत दफ्तरी होते, उर्दू-मोडी दोन्ही घडाघडा वाचायचे. त्यांनी कागद डोळ्यांपाशी नेला, दूर धरला, आणि त्या गृहस्थांना अदबीने म्हणाले, "सनदच हाय साहेब. फकत तुमच्या आजोबाच्या नावानं न्हाई, त्यांच्या म्हशीच्या नावानं हाय. तहसिलीच्या बागेत पुन्यांदा घुसली तर कोंडवाड्यात टाकू म्हणून लिवलंय."

त्या गृहस्थांनी सनद परत नेली नाही. उलट म्हणाले, "असू द्या, उर्दू कुणाला वाचता येतंय!" ती मधल्या टेबलावर मांडली.

चाचा स्वतः मात्र रिकाम्या हातांनी आले होते. मी विचारलं, "तुम्ही काय आणलं?" तर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "जुनं आना म्हणलात नं? आलो की." चारही दिवस ते त्या खुर्चीत बसून लोकांना वस्तूंची माहिती सांगत होते. निम्मी खरी असायची.

मी वही उघडून दारात बसलो होतो. आत येईल ते दाखल करत होतो. घंगाळ, अडकित्ता, पानदान, तलवार. लेखकाच्या रकान्यात 'नाही', पानांच्या रकान्यात 'नाही'. प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली. माझं अक्षर चांगलं आहे, आणि त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या कौसाबाई आल्या. रोजगार हमीवर खडी फोडायच्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. त्यांनी पदराखालून पोहरा काढून टेबलावर ठेवला. बुडाला पोचा, कडीला वाळून दगड झालेली दोराची गाठ.

मी म्हटलं, "मावशी, हा किती जुना?"

"मी नवी नवरी हुते तवाचा. आमी बौद्ध झालो, त्याच्या फुडच्या उन्हाळ्यात सासरा म्हनला, आता धर्म बदलला तर पानी बी बदलायचं. ह्यो पोहरा घेऊन गेला चावडीम्होरच्या आडावर. सोडला. अर्ध्यात असंल नसंल, तर आबासायबाचे वडील, बापूसायेब, कोयता घेऊन आले आन् दोर कापला. पोहरा गेला खाली."

"मग हा परत कसा मिळाला?"

कौसाबाई हसल्या. "बहात्तरला आड आटला नं. गाळ काढायला खाली कोन उतरलं? गाववाल्यानं माझ्या सासऱ्यालाच उतरवलं. पानी काढू देईनात, पर गाळ काढ म्हनले. तर गाळात ह्यो घावला. घरी आनून त्यानं कोनाड्यात ठिवला, आन् रोज म्हनायचा, कौसे, माझा पोहरा मीच काढला, कुनाच्या बापाच्यानं झालं न्हाई."

मग त्या गंभीर झाल्या. "भाऊ, तुमी समद्या वस्तूला चिठ्ठी लावायलात. ह्याला बी लावा. आन् तिच्यावर सासऱ्याचं नाव लिवा, लिंबाजी. दोर कापला ते बी लिवा. गावात त्याचं नाव कुठं तरी लिवलेलं असावं, येवढंच."

मी हो म्हटलं. म्हणताना मनापासूनच म्हटलं.

संध्याकाळी आबासाहेब मांडणी बघायला आले. त्यांना पोहरा दिसला आणि त्यांनी तो ओळखला. मला विचारलं, "ह्याच्यावर काय लिहिणार?" मी चिठ्ठी पुढं ओढली. ते म्हणाले, "पोहरा, लोखंडी, जुना. एवढं पुरे. आणि घंगाळाच्या मागे ठेवा, समोर बरं दिसत नाही." मी तसंच लिहिलं आणि तिथंच ठेवलं. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, आणि नोकरी आबासाहेबांनी लावलेली. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो आहे. मी भित्रा होतो, हे त्याहून सोपं कारण आहे.

पण घरी जायच्या आधी वही मिटताना शेऱ्याचा रकाना रिकामा दिसला. शेरा कोण वाचतो? मी बारीक अक्षरात सगळं लिहून टाकलं. लिंबाजींचं नाव, आड, कोयता, आबासाहेबांचे वडील बापूसाहेब, बहात्तरचा गाळ. चिठ्ठीवर भ्यालो आणि वहीत शूर झालो. आमच्या धंद्यात शौर्य हे असंच असतं.

उद्घाटनाला आबासाहेब वारशावर बोलायला उभे राहिले. "आपल्या मातीचा हा ठेवा" एवढं झालं आणि बाहेर टँकरचा भोंगा वाजला. पाऊण मिनिटात सभागृहात मी, आबासाहेब आणि खुर्चीतले गफूरचाचा एवढेच उरलो. चाचा म्हणाले, "बोला सायब, मी हाव." आबासाहेबांनी भाषण पुरं केलं, त्यांच्यात ती चिकाटी होती.

शेवटच्या दिवशी निरीक्षकसाहेब आले. मोठे सज्जन गृहस्थ, देशावरचे. टँकरचा त्या दिवशी पत्ता नव्हता आणि दारात तांब्या-पितळेच्या, मातीच्या, पत्र्याच्या घागरींची लांबच लांब रांग लागली होती. साहेब जीपमधून उतरले आणि थबकलेच. "वा! बाहेरची मांडणीसुद्धा किती कल्पक आहे. भांड्यांची उत्क्रांती!" आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "होय साहेब, रोज बदलतो."

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग साहेबांनी दाखल नोंदवही मागितली. त्यांना मोठ्यानं वाचायची सवय होती. टेबलाभोवती समिती, मागे वस्तू परत न्यायला आलेली माणसं, त्यांत कौसाबाई. साहेब तलवार, घंगाळ, पानदान वाचत वाचत पोहऱ्यापर्यंत आले आणि त्यांनी शेरा वाचला. सगळाच्या सगळा. लिंबाजींच्या नावासकट आणि बापूसाहेबांच्या नावासकट.

समितीचे सगळे आबासाहेबांकडे बघायला लागले. कौसाबाईंचं तोंड मात्र उजळलं होतं.

आबासाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "गोविंदराव, ते पान फाडा."

निरीक्षक दचकले. "अहो, पान फाडलंत तर वाचनालयाची मान्यता जाईल."

"मग खोडा."

"खाडाखोड चालत नाही, अध्यक्षमहाराज." एवढं बोलून साहेबांनी पुन्हा वहीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "पण ग्रंथपाल, ही दाखल नोंदवही आहे. या वस्तू तुम्ही दाखल केल्यात?"

"केल्या, साहेब."

"म्हणजे आता त्या वाचनालयाच्या झाल्या. परत कशा देणार?"

मागे एकदम गलका झाला. तलवारवाले म्हणाले, पोराच्या लग्नात मिरवायला तलवार पाहिजे. घंगाळवाल्या काकू रडायलाच लागल्या. निर्लेखनाची मंजुरी लातूरहून यायची, आणि लातूरच्या कार्यालयाच्या फायली अजून ट्रकमधून उतरल्या नव्हत्या. आबासाहेबांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, "उद्या तुमचा राजीनामा टेबलावर पाहिजे."

माणूस बुडायला लागला की त्याला अक्कल सुचते. मी म्हटलं, "साहेब, दाखल वस्तू सभासदाला घरी नेता येते ना? पंधरा दिवसांसाठी?"

निरीक्षकांनी नियमांचं पुस्तक काढलं. नियम धुंडाळला. वस्तू पुस्तकच असली पाहिजे, असं त्यात कुठं म्हटलं नव्हतं. त्या दुपारी आम्ही सगळ्या गावाला सभासद करून घेतलं. प्रत्येकाला एकेक तिकीट दिलं, एका तिकिटावर एक वस्तू, आणि प्रत्येकाची वस्तू त्याच्याच तिकिटावर त्याला घरी नेऊ दिली. सभासदांची संख्या बघून निरीक्षकांनी अ वर्गाची शिफारस केली ती तिथंच. माझा राजीनामाही बारगळला, कारण राजीनामा द्यायचा तर चार्ज द्यावा लागतो, चार्ज द्यायचा तर दाखल वस्तू मोजून द्याव्या लागतात, आणि त्या सगळ्या गावभर पसरल्या होत्या. आजही आहेत. तलवार परत आलेली नाही, घंगाळ नाही. दर पंधरा दिवसांनी वस्तू आणून दाखवायची, नूतनीकरण करायचं, हा नियम मी सगळ्यांना सांगितला होता. तो एकट्या कौसाबाईंनी पाळला.

सभासदाचा अर्ज भरताना मी सवयीने शाईचं पॅड पुढं सरकवलं, तर म्हणाल्या, "अंगठा न्हाई. सही येती मला." आणि वळणदार सही केली. बरोबर पंधराव्या दिवशी पोहरा घेऊन हजर. मी तारखेचा शिक्का मारला, त्या पोहरा घेऊन गेल्या. पुढच्या पंधराव्या दिवशी पुन्हा. वाचनालयाला यायला मागच्या गल्लीतून दोन मिनिटांचा बोळ आहे. पण त्या बोळातून येत नसत. चावडीवरून, आडावरून, बाजारातून वळसा घालून, आबासाहेबांच्या ओट्यासमोरून यायच्या. पोहरा पदराखाली नाही, हातात.

लोक विचारायचे, "कौसाबाई, पोहरा घेऊन कुठं?"

"लायबरीत. नूतनीकरनाला."

"कसला पोहरा?"

मग त्या उभ्या राहून सांगायच्या. चिठ्ठीवर मी जे लिहिलं नाही ते त्यांनी गावाला तोंडी ऐकवलं, हप्त्या-हप्त्याने. मी एकदा दया येऊन म्हटलं, "मावशी, दर वेळी आणायची गरज नाही. नुसतं सांगितलं तरी शिक्का मारतो."

"न्हाई भाऊ. नियम म्हंजी नियम." डोळ्यांत अशी काही चमक होती की मी निमूट शिक्का मारला.

असं वर्षभर चाललं. दुसरा उन्हाळा आला, आड पुन्हा आटला. एक दिवस आबासाहेब स्वतः वाचनालयात आले. बसले नाहीत. म्हणाले, "गोविंदराव, घरी गेलेलं पुस्तक दुसऱ्या सभासदाला पाहिजे असेल तर काय करता?"

"मागणी नोंदवतो. मग आधीच्या सभासदाला नूतनीकरण मिळत नाही."

"मग माझी मागणी नोंदवा. पोहरा."

वकील तो वकीलच. मागणी नाकारायचं कारण नियमात नव्हतं. कौसाबाई आल्या तेव्हा माझी मान वर होईना. मी कसंबसं सांगितलं. पोहरा त्यांच्या हातून गेला की पुन्हा दिसायचा नाही, हे मला दिसत होतं.

त्यांनी पोहरा माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "घिऊ द्या की. त्यो बी सभासद हाय. पर ज्याच्या तिकिटावर त्यानंच न्यायचा नं? आन् आनायचा बी त्यानंच?"

"हो."

"मग त्याच्यामागं माझी मागनी लिवून ठिवा." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "माझं तिकीट रिकामं झालं म्हना की. मंग एखादं पुस्तक द्या. मोठ्या अक्षराचं." वर्षभर त्यांचं एकुलतं एक तिकीट त्या पोहऱ्यात अडकलं होतं. हे माझ्या, ग्रंथपालाच्या, डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आबासाहेबांनी गडी पाठवला. मी गड्याला परत पाठवलं. आयुष्यात एवढं एक धाडस मी केलं. मग ते स्वतः आले, सही केली आणि पोहरा उचलला. बाजाराचा दिवस होता. त्यांना बोळातून जाता आलं असतं, पण बोळ कौसाबाईंच्या गल्लीत निघतो. ते बाजारातून गेले. वेशीपासून चावडीपर्यंत माणसं उठून उभी राहिली. रोज उठायची तशीच, पण त्या दिवशी बघत होती हाताकडे. गफूरचाचांनी चहाच्या टपरीवरून सलाम ठोकला आणि विचारलं, "वकीलसायब, नूतनीकरनाला का?"

पंधरावा दिवस गेला. आबासाहेब आले नाहीत. कौसाबाई आल्या, वाचलेलं पुस्तक परत केलं, बाकावर बसून राहिल्या, गेल्या. सोळाव्या दिवशी पुन्हा आल्या आणि बसल्या. मी मनाशी म्हटलं, गेला पोहरा. मीच घालवला.

अकराच्या सुमाराला आबासाहेब पायऱ्या चढून आले. हातात पोहरा, आणि पोहऱ्याला नवा कोरा दोर. बाजारातून स्वतः विकत आणून स्वतः बांधलेला असणार, कारण गाठ विचित्र होती. त्यांनी पोहरा माझ्या टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघत होते, पण बोलत होते कौसाबाईंशी.

"मी होतो तिथं. आडावर. कॉलेजातून सुट्टीला आलो होतो. बापूंचा हात धरता आला असता."

कौसाबाई उठल्या. दोर हातात घेऊन त्यांनी ओढून बघितला, आणि ती गाठ सोडायला लागल्या. मला वाटलं, दोर फेकून देतात. पण त्यांनी तो कडीतून पुन्हा ओवला, दोन वेढे घेतले, आवळला.

"अशी गाठ न्हाई मारायची, सायब. पान्यात सुटती."

आबासाहेबांनी मान हलवली. मी न सांगता वही काढली, पोहऱ्याचं पान उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात खाली थोडी जागा होती. कौसाबाई म्हणाल्या, "लिवा भाऊ. आबासायबानं दोर बांधला म्हनून लिवा."

मी लिहिलं. या वेळी मोठ्या अक्षरात. आबासाहेब बघत होते, त्यांनी अडवलं नाही. मी वही मिटणार तेवढ्यात कौसाबाईंनी पानावर बोट ठेवलं.

"किती वर्सानं, ते बी लिवा."